पिकअप गाडीचे पाटे

पिकअप गाडी आता गावोगाव आली आहे. कांदा, टोमॅटो, दुधाचे कॅन, शेळ्या, खताच्या गोण्या, लग्नाचे सामान, सारे तिच्यातूनच जाते. पुष्कळांनी ती कर्ज काढून घेतलेली असते. गाडी चार दिवस दारात उभी राहिली, तरी हप्ता काही थांबत नाही. अशा गाडीचा एक भाग फार कष्ट करतो, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो भाग म्हणजे मागचे पाटे. इंजिनाचा आवाज जरा बदलला की मालक गॅरेजला धावतो. पाट्यांची आठवण मात्र ते तुटल्यावर होते.

मागच्या चाकाजवळ वाकून बघा. पोलादाच्या पट्ट्या एकीखाली एक रचलेल्या दिसतील. सर्वांत लांब ती वर, आणि खाली एकेक आखूड होत गेलेली. वरच्या लांब पट्टीला मेन पाटा म्हणतात. तिची दोन्ही टोके वळवून गोल डोळे केलेले असतात. पुढचा डोळा पिनेने चेसीला जोडलेला असतो. मागचा डोळा शेकलमध्ये अडकवलेला असतो. शेकल म्हणजे झोपाळ्यासारखी मागेपुढे हलणारी कडी. भार पडला की पाट्याची कमान सपाट होते. सपाट झाली की डोळ्यांमधले अंतर वाढते. तेवढी जागा शेकल मागे सरून देते. सगळे पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने ओवलेले असतात. पाट्यांचा हा संच दोन यू-बोल्टांनी धुऱ्याला आवळलेला असतो.

पाटा करतो काय? कावडीचा बांबू तुम्ही पाहिला असेल. माणूस चालू लागला की तो लवतो, म्हणून खांद्याला हिसका बसत नाही. बांबूच्या जागी लोखंडी पहार घ्या, शंभर पावलांत खांदा सोलून निघेल. बैलगाडीला पाटे नव्हते, टांग्याला होते. दोन्हींत बसलेले एखादे म्हातारे माणूस गावात असेल, तर त्याला फरक विचारा.

मग एकच जाडजूड पट्टी का लावत नाहीत? जाड फळी थोडी वाकते आणि कडकन मोडते. तेवढ्याच जाडीच्या पातळ कामट्या एकत्र धरल्या तर पुष्कळ वाकतात, पण मोडत नाहीत. शिवाय ताण मधोमध जास्त आणि टोकाकडे कमी असतो. म्हणून मध्ये सगळ्या पट्ट्या आणि टोकाला एकच, अशी ही रचना आहे. काही गाड्यांना दोन-तीनच पाटे असतात. ते मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळते असतात, आणि त्यांच्यामध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. ती फट बघून पाटा कमी आहे असे समजू नका, आणि तिच्यात दुसरा पाटा कोंबू नका.

पाटे बदलण्याची वेळ आली की पहिला विचार हमखास एकच येतो. आता चांगले जाड टाकू, पुन्हा तुटायला नकोत. इथेच लोक फसतात. थोडे गणित करू. घाबरू नका, नुसता गुणाकार आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या तिहेरी गुणाकाराने वाढतो. ८ मिलिमीटर जाडीचा पाटा घ्या. आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ५१२. आता १० मिलिमीटरचा घ्या. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे १०००. जाडी दोनच मिलिमीटर वाढली, आणि ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला! डोळ्यांना हा फरक दिसतसुद्धा नाही. त्या मानाने पाटा वाढवण्याचा परिणाम सौम्य असतो. पाच पाट्यांत तसाच सहावा घातला, तर ताठपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो.

ताठ पाट्याने बिघडते काय, ते आमच्या ओळखीच्या एका पिकअपवाल्याने अनुभवले. तो टोमॅटो भरतो. भरल्या गाडीचे बूड खाली बसते म्हणून त्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे वाढवून घेतले. गाडी दिसायला ताठ झाली, आणि गडी खूश झाला. पण बाजारात क्रेट उतरले की तळचे टोमॅटो दबलेले निघू लागले. रिकामी गाडी परतताना दगडादगडावर उडू लागली. वर्षभराने पाटा जिथे चेसीला जोडतात, तिथे चेसीला चीर पडली. पाट्याने सोसायचा धक्का पाट्याने घेतला नाही, म्हणून तो चेसीने घेतला. चेसीच्या खर्चात पाट्यांचे कितीतरी संच आले असते.

शिवारातल्या वाटेवर आणखी एक अडचण येते. तिथे एक चाक चाकोरीत आणि दुसरे बांधावर असते. पाटा लवला, तर चारही चाके जमिनीला टेकून राहतात. पाटा लवलाच नाही, तर एक चाक अधांतरी होते आणि नुसते गरगर फिरते. पावसाळ्यात ओढ्याच्या चढावर गाडी रुतते, तेव्हा आपण चिखलाला दोष देतो. कधी कधी दोष पाट्याचा असतो.

म्हणून नवे पाटे घेण्याआधी आपली गाडी रोज किती भार वाहते, हे लिहून काढा. वर्षातून दोनदा वाहते तो भार नको, रोजचा हवा. वहीत पंधरा दिवस लिहा: तारीख, माल, वजनकाट्यावरचे वजन, आणि वाट डांबरी की कच्ची. मग गाडीचे आर.सी. काढा. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह एकूण वजन लिहिलेले असते. मोठ्यातून लहान वजा करा. समजा १.७ टन आले. म्हणजे १७ क्विंटल, पन्नास किलोच्या ३४ गोण्या. चालक आणि सोबतची माणसेही याच वजनात आली, हे विसरू नका. रोजचा भार याच्या आत असेल, तर कारखान्याने दिले होते त्याच मापाचे पाटे घ्यावेत. रोज पुरा भार आणि वाट खडकाळ असेल, तर तसाच एक पाटा वाढवणे पुरे. कधी भरलेली आणि कधी रिकामी अशी गाडी असेल, तर मदतीचा पाटा असलेला संच बघा. हा पाटा एरवी मोकळा असतो. गाडी भरून खाली बसली की मगच तो टेकतो आणि भार उचलतो. आमच्या मते शेतमालाच्या गाडीला हाच बरा.

पाटे वाढवले म्हणून कागदावरचा भार मात्र वाढत नाही. धुरा, टायर, ब्रेक तेच असतात. घाटाच्या उतारावर गाडी पाटे थांबवत नाहीत, ब्रेक थांबवतात. कायद्यानेही जादा भाराला २०१९ पासून २०,००० रुपये दंड आहे, आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. काही गाड्यांत मागच्या धुऱ्याला एक दांडी जोडलेली असते. गाडी किती खाली बसली यावरून ती मागच्या ब्रेकचा जोर ठरवते. जाड पाट्यांनी गाडी उंच झाली, की त्या दांडीला भरलेली गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तेव्हा पाट्यांची उंची बदलली, तर ही दांडी जाणत्या कारागिराकडून पुन्हा जुळवून घ्या.

दुकानात जाताना मापे लिहून न्या. पाट्यांची संख्या, रुंदी, प्रत्येकाची जाडी आणि डोळ्याचे भोक मोजा. सेंटर बोल्टपासून पुढच्या व मागच्या डोळ्यापर्यंतचे अंतर वेगवेगळे मोजा. पुष्कळ गाड्यांत ही दोन अंतरे सारखी नसतात. पाटा उलटा बसला, तर धुराच जागेवरून सरकतो. पाट्यावर बनवणाऱ्याचा छाप बघा आणि पक्की पावती घ्या. पाट्यांसाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक आय.एस. ११३५. ट्रकचा जुना पाटा कापून स्वस्तात बसवून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. पाटा एका बाजूचा तुटला, तरी दोन्ही बाजूंचे बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला, अशी जोडी गाडीला वाकडे चालवते.

आता लोहाराची गोष्ट. जुन्या पाट्याचा कोयता चांगला होतो, हे उसाच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण नुसते ठोकून कोयता होत नाही, त्याला पाणी द्यावे लागते. पाट्याचेही तसेच आहे. कारखान्यात तो लालभडक तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा बेताने तापवतात. त्यातून त्याला लवण्याचा गुण येतो. म्हणून तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये. गॅसने तापवून त्याला कमानही देऊ नये. त्या उष्णतेने त्याचे पाणी उतरते. जोड दिसायला पक्का दिसतो, आणि शेजारीच पुन्हा तडकतो. बसलेला पाटा थंडच ठोकून कमान वाढवून देतात. ती कमान येते, पण फार काळ टिकत नाही. नवा संच येईपर्यंतची ती सोय समजावी.

पाटे बसवताना यू-बोल्ट आणि त्यांचे नट नवेच घ्या. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. डोळ्यांत रबराचे बूश असेल, तर गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर उभी करा, आणि मगच पिना पक्क्या आवळा. लोंबत्या चाकांवर आवळल्या, तर रबर पिळले जाऊन लवकर फाटते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चेसीखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. पाट्यांचा संच सोडताना तो आधी शिकंज्यात धरा आणि मग सेंटर बोल्ट काढा. दबलेले पाटे उसळून माणसाचे हात मोडतात. नवे पाटे चार-पाचशे किलोमीटर चालले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पाटे एकमेकांवर बसतात, थोडे दबतात आणि बोल्ट सैल पडतात. सैल बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो, आणि मग धुरा सरकून गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

रोजची काळजी थोडीच आहे. आठवड्यातून एकदा चिखल पाण्याने धुऊन काढा. चिखलातली वाळू पाट्यांमध्ये शिरून पोलाद खाते, आणि गंजाच्या खड्ड्यातच चिरेची सुरुवात होते. कोकणात समुद्राकाठी गाडी जात असेल, तर धुण्यात आळस नको. पाणी निथळले की बॅटरी घेऊन बघा. डोळ्याजवळ आणि यू-बोल्टच्या काठाला चीर आहे का? दोन पाट्यांमधून तांबडी भुकटी येते का? ती दिसली तर तिथे काहीतरी हलते आहे. शेकलला ग्रीसचे तोंड असेल, तर ग्रीसगनने जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. रबराच्या बुशाला ग्रीस किंवा तेल लावू नका. रबर फुगते आणि कुजते.

रिकामी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत टेपने मोजा. नवे पाटे बसवल्यावरचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे दर महिन्याला मोजा. एका बाजूचा आकडा दुसरीपेक्षा कमी येऊ लागला, तर त्या बाजूचा पाटा थकला आहे, किंवा आत तुटून दडला आहे. पुरा माल भरल्यावर मेन पाटा जवळजवळ सरळ झाला, तर चालेल. पण तो उलटा वाकत असेल, तर त्याच दिवशी पाटेवाल्याकडे जा. काढलेले जुने पाटे गॅरेजवर सोडू नका. नाही तर ते दुसऱ्या कुणाच्या गाडीत जातील. ते घरी आणा आणि लोहाराला द्या. एका मेन पाट्यात दोन-तीन कोयते सहज होतात.