रेल्वेतील खानपान सेवा आणि 'ना नफा-ना तोटा' तत्त्व : एक विवेचन

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा हे वसमत तालुक्यातील गाव. वसमत स्थानक पूर्णा-अकोला मार्गावर आहे. या मार्गावरील पॅसेंजर गाड्यांना रसोईयान नसते. घरची शिदोरी किंवा फलाटावरील स्टॉल हाच प्रवाशाचा आधार. अशा सेवेने स्वतःचा खर्च स्वतःच भागवावा काय, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा, परंतु मूलतः लोककल्याणाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

सेवेची अर्थरचना :
१९९९ मध्ये इंडियन रेल्वे केटरिंग अँड टुरिझम कॉर्पोरेशन स्थापन झाले. २०१० च्या धोरणाने खानपानाचा मोठा भाग पुन्हा विभागीय रेल्वेकडे आला, तर २०१७ च्या धोरणाने तो महामंडळाकडे परत गेला. व्यवस्थापन बदलले, तरी परवानाधारक ठेकेदाराकडून शुल्क घेण्याची पद्धत टिकून राहिली. पदार्थांचे दर ठरवून दिलेले आणि परवाना शुल्क मात्र चढ्या बोलीचे असेल, तर ठेकेदार तूट वजन, दर्जा किंवा जादा आकारणीतून भरून काढतो. २०१७ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने निकृष्ट अन्न व जादा आकारणीवर बोट ठेवले. म्हणजेच ताळेबंदात न दिसणारा तोटा प्रवासी सोसतो.

अन्य अनुभव :
अमेरिकेत १९८१ च्या कायद्याने अॅमट्रॅकच्या खानपान सेवेवर खर्च भरून काढण्याचे बंधन घातले. २०१५ च्या कायद्याने तोटा संपविण्याची मुदत दिली. त्यानंतर काही गाड्यांतील ताजे जेवण बंद झाले. २०२१ मध्ये हे बंधन दूर करण्यात आले. आपल्याकडे दोन टोके दिसतात. १९३० पासून धावणाऱ्या दख्खनच्या राणीतील भोजनयान ही त्या गाडीची ओळख आहे. तिचे मूल्य केवळ भोजनाच्या बिलात मोजता येत नाही. दुसरीकडे, नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेसच्या प्रवाशांना वाटेतील स्थानकांवर मोफत लंगर मिळतो. तेथे खर्च नाहीसा होत नाही. तो समाज स्वेच्छेने उचलतो.

विवेचन :
धावत्या गाडीतील प्रवाशाला दुसरे दुकान गाठता येत नाही. जेथे स्पर्धा नाही तेथे 'विक्रीतून खर्च निघतो' हा कार्यक्षमतेचा पुरावा ठरत नाही. तथापि, सरसकट अनुदानही समर्थनीय नाही. वातानुकूलित वर्गातील भोजनाने आपला खर्च भागवावा, हे न्याय्य आहे. याउलट, २०२३ मध्ये सामान्य डब्यांजवळ उपलब्ध केलेले २० रुपयांचे पुरी-भाजीचे जेवण किंवा पिण्याचे पाणी हे प्रवासाचेच अंग मानले पाहिजे.

निष्कर्ष :
'ना नफा-ना तोटा' हे तत्त्व प्रत्येक स्टॉलला नव्हे, तर संपूर्ण प्रवासी सेवेला लावावे. लहान स्थानकांवर परवाना शुल्क नाममात्र असावे आणि स्वस्त भोजनाची तूट अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावी. उघड तूट तपासता येते. ताटातून काढलेली तूट मात्र कोणत्याही हिशेबात येत नाही.