दांडा गेला, चकती आली

डिचोलीहून साखळीमार्गे चोर्ला घाट चढताना जुन्या चालकांना गिअर पाहावा लागत नसे. तो तळहाताला कळे. दांड्यापासून गिअरपेटीपर्यंत सळ्यांची किंवा तारदोरांची प्रत्यक्ष जोडणी असे, त्यामुळे गिअर बसला की हाताला खटका जाणवे. आमच्या पिढीने अॅम्बॅसडरमध्ये हा दांडा सुकाणूच्या खांबालाच बसवलेला पाहिला.

आता कित्येक मोटारींत त्याच्या जागी फिरती चकती किंवा बटणे आली आहेत. ती केवळ आज्ञा देतात. विद्युत्संदेश संगणकाकडे जातो आणि पुढचे काम यंत्र करते. जागा वाचते, श्रम वाचतात, भलती आज्ञा संगणक नाकारू शकतो. हे गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु हाताला मिळणारी खूण हरवते. काही जीप मोटारींतील विद्युत्-दांडा दरवेळी मध्यावर परत येई. गाडी ‘पार्क’मध्ये आहे अशा समजुतीने लोक उतरत आणि ती घरंगळे. २०१६ साली फियाट क्रायस्लरने अशा ११ लाखांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी अँटन येल्चिन हा तरुण अमेरिकी नट स्वतःच्याच घराच्या उतारावर अशा गाडीने चिरडला जाऊन मरण पावला.

आपल्या पेडणे-डिचोलीकडेही उतारावरची अंगणे थोडी नाहीत. म्हणून नवी गाडी दारी आली तेव्हा आम्ही चिरंजीवांना एवढेच बजावले: आधी हातब्रेक ओढावा, फलकावरचे ‘पी’ अक्षर डोळ्यांनी वाचावे, इंजिन बंद करावे, मगच दार उघडावे. दांड्याची गाडी असेल तर चढावर पहिला आणि उतारावर उलटा गिअर घालून उतरावे. जे काम पूर्वी हात करी, ते आता डोळ्यांनी करायचे आहे.