विमानतळाचा गल्ला : मुंबईच्या उदाहरणावरून एक विवेचन

विमानतळ म्हटला की सामान्यतः धावपट्टी, नियंत्रणमनोरा आणि विमाने एवढेच डोळ्यांसमोर उभे राहते. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहता मात्र विमानतळ म्हणजे एका छपराखाली नांदणारे दोन वेगवेगळे धंदे होत. पहिल्या धंद्यात विमान उतरते, थांबते व पुन्हा उड्डाण करते. दुसऱ्यात दुकाने, उपाहारगृहे, जाहिराती, वाहनतळ आणि जागेचे भाडे यांचा व्यवहार चालतो. पहिल्यात विमानकंपनीला किंवा प्रवाशाला निवडीला फारसा वाव नसतो, म्हणून त्याचे दर शासनाने नेमलेली संस्था ठरविते. दुसरा धंदा बाजाराच्या नियमांवर सोडलेला असतो. या दोहोंच्या मिळकतीचा हिशेब एकत्र मांडावयाचा की वेगळा, हा प्रश्न वरकरणी रुक्ष वाटतो. परंतु प्रवाशाच्या तिकिटात विमानतळाच्या नावे किती रक्कम पडावी, हे पुष्कळ अंशी त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या उदाहरणावरून हा प्रश्न नीट समजून घेता येतो.

मुंबईचा विमानतळ २००६ पर्यंत भारतीय विमानतळ प्राधिकरण या सरकारी संस्थेच्या ताब्यात होता. विमानतळ भाडेपट्ट्याने देता यावा यासाठी प्राधिकरणाच्या कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली, आणि एप्रिल २००६ मध्ये त्याचा कारभार तीस वर्षांच्या कराराने मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट या कंपनीकडे देण्यात आला. या कंपनीत ७४ टक्के भाग खाजगी भांडवलाचा, तर २६ टक्के प्राधिकरणाचा. खाजगी बाजूची सूत्रे प्रथम जीव्हीके समूहाकडे होती. २०२१ मध्ये ती अदानी समूहाकडे गेली. कराराची सर्वांत महत्त्वाची अट अशी की, कंपनीने आपल्या एकूण उत्पन्नातून ३८.७ टक्के रक्कम दरवर्षी प्राधिकरणाला द्यावी. येथे 'उत्पन्न' हा शब्द ध्यानात घेतला पाहिजे. हा वाटा नफ्यावर नाही. खर्च वजा करण्यापूर्वीच तो बाजूला काढावा लागतो. देशात प्राधिकरणाच्या ताब्यात शंभरांहून अधिक विमानतळ असून त्यांतील बहुतेक तोट्यात चालतात. त्यामुळे मुंबई व दिल्ली येथून मिळणाऱ्या या वाट्याचे सार्वजनिक महत्त्व मोठे आहे.

आता पहिल्या धंद्याचे दर कसे ठरतात ते पाहू. २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण पाच वर्षांच्या कालखंडासाठी विमानतळाची आवश्यक मिळकत निश्चित करते. तीत गुंतविलेल्या भांडवलावरील वाजवी परतावा, घसारा, देखभाल व संचालन यांचा खर्च आणि कर यांची बेरीज असते. ही रक्कम विमानाच्या वजनानुसार घेतले जाणारे अवतरणशुल्क, थांब्याच्या वेळेनुसार घेतले जाणारे शुल्क आणि प्रवाशाकडून घेतले जाणारे वापरकर्ता विकासशुल्क या मार्गांनी वसूल होते. परंतु वसुलीपूर्वी या बेरजेतून एक वजाबाकी करावी लागते, आणि खरा प्रश्न तेथेच उपस्थित होतो.

इंग्रजी परिभाषेत या प्रश्नाला 'टिल' म्हणजे गल्ला हाच शब्द रूढ आहे. समजा, विमानसेवेसाठी विमानतळाला १,००० रुपयांची आवश्यकता आहे आणि दुकाने, जाहिराती इत्यादींतून ४०० रुपये येतात. दोन्ही धंद्यांचा गल्ला एकच मानला, तर स्थूलमानाने ४०० रुपये वजा होऊन विमानकंपन्या व प्रवासी यांच्याकडून केवळ ६०० रुपये घ्यावयाचे उरतात. गल्ले वेगळे मानले, तर संपूर्ण १,००० रुपये त्यांच्याचकडून घ्यावे लागतात. मुंबई व दिल्ली येथे मधला मार्ग स्वीकारला गेला : दुसऱ्या धंद्याच्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग पहिल्याच्या मदतीस द्यावयाचा. वरील उदाहरणात १२० रुपये वजा होऊन ८८० रुपये वसूल करावयाचे राहतील. २०१६ च्या राष्ट्रीय विमानवाहतूक धोरणाने हाच मिश्र गल्ला देशभरासाठी मान्य केला.

या मार्गाचे समर्थन असे की, दुकानांच्या उत्पन्नाचा मोठा भाग चालक कंपनीकडे राहिला तरच ती प्राधिकरणाचा जबर वाटा देऊ शकेल. कारण तो वाटा दर ठरविताना खर्च म्हणून धरता येत नाही. आक्षेपही तितकाच सबळ आहे. दुकाने चालतात ती प्रवाशांमुळे, आणि प्रवासी येतात ते विमानांमुळे. मग त्या गर्दीच्या फळाचा फक्त एक हिस्साच दर उतरविण्यासाठी का वापरावा? सुरक्षातपासणी ओलांडल्यावर आंतरराष्ट्रीय प्रवाशाची वाट दुकानांच्या दालनातून का जाते, याचे उत्तर वास्तुशास्त्रापेक्षा या हिशेबात अधिक सापडते.

दोन धंद्यांमधील सीमारेषाही निर्विवाद नाही. मालाची चढउतार आणि विमानांची भूसेवा ही कामे २००६ च्या करारात विमानेतर सेवांच्या यादीत आहेत. २००८ च्या कायद्याने मात्र त्यांचा अंतर्भाव विमानसेवेच्या व्याख्येत केला. एखादी सेवा विमानसेवा ठरली, तर तिचे सर्व उत्पन्न आवश्यक मिळकतीच्या पूर्तीस लागते. विमानेतर ठरली, तर केवळ ३० टक्के. एका शब्दाच्या अर्थावर एवढे अवलंबून असल्यामुळे हा वाद न्यायाधिकरणापर्यंत व पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, यात नवल नाही. प्रवाशांकडून घेतल्या जाणाऱ्या विकासशुल्काचेही तेच झाले. २००९ पासून मुंबईत देशांतर्गत प्रवाशाकडून १०० व आंतरराष्ट्रीय प्रवाशाकडून ६०० रुपये घेण्यात येऊ लागले. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नियामक प्राधिकरणाने दर निश्चित केल्यावाचून अशी आकारणी करता येत नाही.

हिशेबाची ही बाजू संचालनाच्या मर्यादांशी निगडित आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच उपयोगात येते. तरीही २०१८ साली येथे एका दिवसात एक हजाराहून अधिक विमाने उतरली वा उडाली, म्हणजे सरासरी दीड मिनिटाच्या आत एक. या वेगाचीही किंमत असते. उतरण्याची पाळी येईपर्यंत विमाने शहरावर घिरट्या घालीत राहतात व इंधन जळत राहते. याच कारणास्तव फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने गर्दीच्या वेळची मर्यादा ताशी ४६ वरून ४४ आणि इतर वेळची ४४ वरून ४२ अशी खाली आणली. येथे हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, हवाई नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, आणि पारपत्रतपासणी व सीमाशुल्क केंद्र शासनाकडे आहे. ज्या कामांवर विमानतळाची गती अवलंबून, त्यांतील बरीचशी चालकाच्या हाती नाहीत. धावपट्टी वाढविता येत नाही, सभोवार दाट वस्ती असल्याने जमीनही मिळत नाही. अशा स्थितीत उत्पन्न वाढविण्याचे दोनच मार्ग उरतात : मोठी विमाने आणि प्रवाशामागे अधिक विक्री. फेब्रुवारी २०१४ मध्ये वापरात आलेल्या दुसऱ्या टर्मिनलच्या रचनेत या दुसऱ्या मार्गाला मोठे स्थान आहे.

विमानतळाचा बहुतेक खर्च स्थिर असतो, हे करोनाच्या साथीत प्रकर्षाने दिसून आले. २०१८-१९ मध्ये सुमारे ४ कोटी ८८ लाख प्रवाशांनी हा विमानतळ वापरला होता. २०२०-२१ मध्ये ही संख्या सुमारे १ कोटी १० लाखांवर आली. परंतु प्रवासी चौपटीहून कमी झाले म्हणून धावपट्टीचे दिवे, अग्निशमनदल वा कर्जावरील व्याज चौपटीने कमी होत नाही. त्या काळातील वार्षिक वाटा द्यावयाचा की नाही, याचा वाद लवादापुढे गेला. संकटाचा भार कंपनीने, प्राधिकरणाने की पुढील काळातील प्रवाशाने सोसावा, हाच त्या वादाचा गाभा होता.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे या प्रश्नाला आणखी एक बाजू प्राप्त झाली आहे. दोन विमानतळ एकमेकांशी स्पर्धा करतील आणि दर आपोआप आटोक्यात राहतील, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु नव्या विमानतळाच्या कंपनीत २६ टक्के भाग सिडकोचा, तर ७४ टक्के भाग मुंबई विमानतळ चालविणाऱ्या कंपनीचाच आहे. दोन्ही गल्ल्यांवर एकच हात असताना स्पर्धेवर भिस्त ठेवणे कठीण. म्हणून नियामकाची जबाबदारी येथे कमी न होता उलट वाढते. विमानतळाच्या हिशेबात तीन पक्ष असतात : सार्वजनिक जमिनीचे मालक या नात्याने शासन, भांडवल घालणारी कंपनी, आणि दर देणारा प्रवासी. पहिले दोघे कराराच्या वेळी मेजावर बसलेले होते, तिसरा नव्हता. त्याची बाजू मांडण्याचे स्थान नियामकाच्या सुनावणीत आहे. त्यासाठी कोणते उत्पन्न कोणत्या गल्ल्यात पडते, हे सर्वसामान्यांना कळेल अशा भाषेत मांडले जाणे ही पहिली गरज होय.