वर्णनातून व्याकरण

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानक १९१० सालचे. जवळच दारूखान्याचा लोखंडबाजार आणि रुळांवरून जाणारा, केबलांनी तोललेला नवा पूल. प्रौढपणी इंग्रजी शिकू पाहणाऱ्यास हा परिसरच सरावाचा धडा ठरू शकतो.

द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. तरीही मराठी मन दोन ठिकाणी अडखळते. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजीतले कर्त्यामागोमाग. आणि ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे मराठीत नाहीतच.

यावर उपाय म्हणजे रोज समोर दिसेल त्याचे पाच वाक्यांत वर्णन करणे. पुलाचा प्रथम उल्लेख ‘अ ब्रिज’, पुढे ‘द ब्रिज’. ‘सुंदर’ म्हणण्याऐवजी रंग, आवाज, वास सांगावा. दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये भूतकाळात लिहावीत.

चुकण्याच्या संकोचाने अनेक पालक मुलांसमोर वहीच उघडत नाहीत. ती वही मुलांकडूनच तपासून घ्यावी. वडीलधाऱ्यांनी चूक मान्य करून सुधारलेली पाहिली, की मुलांचीही चुकण्याची भीती ओसरते.