न्या. सुजाता मनोहर : न्यायपीठावरील स्त्री आणि महाविद्यालयातील तक्रार समिती

प्रस्तावना

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ मध्ये झाली. त्या न्यायालयात पहिल्या स्त्री न्यायाधीशाची नियुक्ती मात्र १९७८ मध्ये, म्हणजे तब्बल ११६ वर्षांनी झाली. या विलंबाची कारणे केवळ सामाजिक नव्हती. स्त्रियांना वकिली करण्याचा हक्कच मुळी १९२३ च्या कायद्याने मिळाला. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी कितीतरी आधी ऑक्सफर्ड येथे कायद्याचे शिक्षण घेतले होते, परंतु पूर्ण अधिकाराने वकिली करण्यासाठी त्यांनाही या कायद्याची वाट पाहावी लागली. केरळात अॅना चंडी १९५९ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. मुंबईस त्यानंतर आणखी १९ वर्षे लागली.

मुंबईच्या या पहिल्या स्त्री न्यायाधीश म्हणजे न्या. सुजाता वसंत मनोहर. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘पहिली महिला’ या यादीतील एका ओळीपलीकडे त्यांचा उल्लेख सहसा आढळत नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या न्यायिक कारकिर्दीचा परिचय करून देऊन तिचा आपल्या महाविद्यालयांशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आला, तेव्हापासून अमरावती व अकोला येथील पक्षकारांचे उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होय. त्या अर्थाने हा आपल्याच न्यायालयाचा इतिहास आहे.

जडणघडण आणि न्यायिक कारकीर्द

सुजाता मनोहर यांचा जन्म १९३४ चा. वडील कांतिलाल देसाई हे पुढे गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉलमध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिली सुरू केली. घरातच न्यायाची परंपरा असल्याने त्यांची वाट सुकर झाली असे म्हणणे सोपे आहे, व ते काही अंशी खरेही आहे. तथापि मूळ शाखेतील कामकाज प्रामुख्याने व्यापारी दाव्यांचे असे आणि त्या क्षेत्रात स्त्री वकील विरळाच होत्या. वीस वर्षांच्या वकिलीत व्यापारी दाव्यांच्या जोडीने त्यांनी विधिसाहाय्य योजनेखाली गरजू स्त्रियांची कौटुंबिक प्रकरणेही चालविली. मोफत विधिसाहाय्याचे तत्त्व घटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये समाविष्ट झाले ते १९७६ मध्ये आणि त्यासाठीचा स्वतंत्र कायदा १९८७ चा, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१९७८ मध्ये न्यायाधीशपदी नियुक्ती झाल्यावर सोळा वर्षांनी, जानेवारी १९९४ मध्ये, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश झाल्या. काही महिन्यांतच त्यांची केरळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदी बदली झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्या. फातिमा बीवी यांच्यानंतर त्या पदावर येणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. ऑगस्ट १९९९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सदस्य म्हणून काम केले.

१९७८ चे दुसरे प्रकरण

ज्या वर्षी मुंबईच्या न्यायपीठावर पहिली स्त्री बसली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातील एका खटल्याचा निकाल दिला. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याचा हा खटला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले, नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यावरून संमतीचा निष्कर्ष काढण्यात आला होता. न्यायपीठावर एकही स्त्री नव्हती.

या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिणाऱ्या चार विधिज्ञांत उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार यांच्यासमवेत वसुधा धागमवार होत्या. त्या लेखिका गीता साने यांच्या कन्या. आणि गीता साने यांचा जन्म तत्कालीन अकोला जिल्ह्यातील वाशीमचा. या पत्रातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाचा परिणाम म्हणून १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली व कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात, शरीरसंबंध सिद्ध झाल्यास, स्त्रीने संमती नाकारल्याचे सांगितले तर ते ग्राह्य धरण्याचे तत्त्व पुराव्याच्या कायद्यात आले.

विशाखा निकाल

राजस्थानातील भंवरीदेवी या शासकीय महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्याबद्दल १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. फौजदारी खटल्यात १९९५ मध्ये आरोपी अत्याचाराच्या आरोपातून सुटले. परंतु ‘विशाखा’ व अन्य संघटनांनी सर्वोच्च न्यायालयापुढे वेगळाच प्रश्न ठेवला : काम करताना स्त्रीवर जे संकट ओढवते त्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे की नाही? १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने त्याचे होकारार्थी उत्तर दिले. संसदेचा कायदा नसताना घटनेचे अनुच्छेद १४, १५, १९ व २१ आणि भारताने १९९३ मध्ये मान्य केलेला स्त्रियांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार यांच्या आधारे पीठाने बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तक्रार समितीची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया नसाव्यात आणि संस्थेबाहेरील त्रयस्थ व्यक्ती समितीत असावी, ही चौकट तेव्हाची आहे.

हा निकाल सरन्यायाधीश वर्मा यांनी तिघांच्या वतीने लिहिला. त्यामुळे तो एकट्या न्या. मनोहर यांच्या नावावर मांडणे इतिहासाला धरून होणार नाही, जरी काही लेखनात तसे होताना दिसते. विधिसाहाय्याची प्रकरणे चालविलेली एक न्यायाधीश या पीठावर होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते आणि माझ्या मते ते पुरेसे महत्त्वाचे आहे.

स्त्री न्यायाधीश म्हणजे काय?

स्त्री न्यायपीठावर आली की न्याय आपोआप संवेदनशील होतो, ही समजूत तपासून घेतली पाहिजे. न्या. मनोहर यांनीच निवृत्तीच्या सुमारे दोन आठवडे आधी, १० ऑगस्ट १९९९ रोजी, प्रीती श्रीवास्तव प्रकरणात बहुमताचा निकाल लिहिला. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठी सर्वसाधारण उमेदवारांना ४५ टक्के व राखीव उमेदवारांना २० टक्के इतके अंतर असलेली किमान गुणांची अट त्यात अमान्य ठरली. सामाजिक न्यायाच्या बाजूने पाहणाऱ्या वाचकास हा निकाल विशाखाच्या शेजारी ठेवणे अवघड वाटेल.

वऱ्हाडाच्या अगदी जवळचे उदाहरण २०२१ चे आहे. मूळच्या परतवाड्याच्या न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी नागपूर खंडपीठावर असताना एका बालिकेच्या प्रकरणात असा निर्वाळा दिला, की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा बालकांच्या लैंगिक संरक्षणविषयक कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रद्द करणाऱ्या पीठाचा मुख्य निकाल न्या. बेला त्रिवेदी यांनी लिहिला. दोन्ही न्यायाधीश स्त्रियाच होत्या. फरक पडला तो कायद्याच्या शब्दांमागील हेतू लक्षात घेण्याने.

महाविद्यालयातील समिती

विशाखा तत्त्वांचे रूपांतर २०१३ च्या कायद्यात झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या विनियमांद्वारे उच्च शिक्षण संस्थांसाठी तपशील ठरविला. समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री प्राध्यापक असावी. दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, एक बाहेरील सदस्य आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांसारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना मात्र समितीत घेता येत नाही. नॅकच्या तयारीत घाईने बनविलेल्या याद्या या एका कलमाशी ताडून पाहाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

समिती कागदावर बरोबर असली तरी कामकाज बिघडू शकते. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, चौकशी झाली व त्याला सेवेतून काढण्यात आले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण घाईघाईत केलेल्या चौकशीत त्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती. प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. अनेक वर्षांचे कष्ट अशा रीतीने वाया जातात आणि त्याची झळ सर्वाधिक तक्रारदार मुलींना बसते. न्या. हिमा कोहली यांनी लिहिलेल्या याच निकालात सर्व शासकीय यंत्रणांत समित्या खरोखर अस्तित्वात आहेत काय, याची पडताळणी करण्याचे आदेश दिले गेले.

कायद्याची चौकशीची मुदत ९० दिवसांची आणि तक्रारीची मुदत साधारणतः घटनेपासून तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असल्यास तक्रारीची मुदत समितीला वाढविता येते. तक्रार लेखी हवी. मात्र लिहिणे शक्य नसेल तर ती लिहून घेण्यासाठी साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. धारणी किंवा चिखलदऱ्याहून अमरावतीस शिकायला आलेल्या, घरी कोरकू बोलणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हे कलम फार उपयोगाचे ठरू शकते. प्रवेशाच्या वेळी दिल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकेत ते साध्या मराठीत, समितीतील सदस्यांची नावे व बाहेरील सदस्याचा संपर्क यांसह छापता येईल.