आर३६एसचं फर्मवेअर बदलताय? आधी जुनं कार्ड बाजूला काढा

लाखांदूरला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकणार असाल तर हे एक जोडकाम शिकून ठेवा. आर३६एस हा हातात धरून खेळायचा स्वस्तातला गेम कन्सोल लिनक्सवर चालतो. ‘अपडेट करून द्या’ म्हणत कोणी आलं तर घाबरायचं काम नाही, कारण त्याची आर्कओएस सिस्टीम मशीनमध्ये नसतेच, मेमरी कार्डावर असते.

म्हणून गिऱ्हाइकाच्या कार्डाला हात लावू नका. ते काढून नाव लिहून ठेवा. चांगल्या कंपनीचं नवं कार्ड घेऊन कॉम्प्युटरवर बलेना एचर किंवा रूफसने त्यावर नवी इमेज लिहा. बिघडलंच, तर जुनं कार्ड घालून मशीन पुन्हा पहिल्यासारखं!

खरी गोम पुढे आहे. हे कन्सोल बाहेरून सारखे दिसतात, पण आतला स्क्रीन वेगवेगळा असतो. कोणता स्क्रीन, हे ‘बूट’ भागातली डीटीबी फाइल सांगते. ती चुकली की स्क्रीन काळा. मशीन ठीक असतं, पण गिऱ्हाईक भांडायला उभं राहतं ना! तेव्हा जुन्या कार्डावरचा अख्खा ‘बूट’ भाग आधी कॉपी करा आणि त्यातल्या डीटीबी फाइली नव्या कार्डावर टाका. नकली मशीनला कधी हेही पुरत नाही. तिथे काम घेऊच नका.

मजुरी आणि कार्डाचे पैसे वेगळे सांगा. गेम भरलेली कार्डं मात्र विकू नका. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.