चक्रवाढीची शिडी

मी शिकलेला माणूस नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. गणिताकडे वळलो तोही कोणाच्या तरी कर्जापायी.

बदलापूर गावातला एक कामगार एके संध्याकाळी सावकाराची चिठ्ठी घेऊन आला. घेतलेले १०,००० रुपये. पुढे महिन्यागणिक आकडे: १०,५००, ११,०२५, ११,५७६.२५. आणि शेवटी वर्षाची मागणी, १८,८५६ रुपये. "दादा, हे बरोबर आहे का?" एवढेच त्याने विचारले.

अशा आकड्यांचा नियम कसा काढावा? प्रथम वजाबाकी करून पाहावी. वाढ ५००, मग ५२५, मग ५५१.२५. ती सारखी नाही, म्हणून ही अंकगणिती श्रेढी नव्हे. मग भागाकार करावा. प्रत्येक आकड्याला त्याच्या मागच्या आकड्याने भागा. दर वेळी १.०५ येते. भागाकार सारखा आला की ती भूमिती श्रेढी, आणि तो भागाकार म्हणजे तिचे गुणोत्तर. मात्र एकदाच भागून थांबू नये. सर्व जोड्या तपासाव्यात.

आता नियम सांगतो. कोणतेही पद हवे असल्यास पहिल्या पदाला गुणोत्तराने गुणत जावे. पण पदाच्या क्रमांकापेक्षा एक वेळ कमी. कारण पहिले पद हातात असतेच, त्यासाठी गुणावे लागत नाही. शिडीला तेरा पायऱ्या असल्या तर त्यांच्यामधली अंतरे बाराच.

नेमकी इथेच मेख होती. मुद्दल धरून बारा महिन्यांच्या ओळी तेरा होतात. सावकाराने गुणलेही तेरा वेळा! बारा वेळा गुणले तर १७,९५८.५६ रुपये येतात. एका फाजील गुणाकाराने गरिबावर सुमारे ८९८ रुपये चढले होते. कागद समोर मांडल्यावर तेवढे उतरले. दर मात्र तोच राहिला, हे कबूल केले पाहिजे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त उदाहरण आहे: पहिल्या दिवशी दोन कवड्या दान, पुढे रोज दुप्पट, महिन्यात किती? तिसाव्या दिवशीच्या कवड्या १,०७,३७,४१,८२४ आणि एकूण २,१४,७४,८३,६४६. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला आहे.

जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक नसावे. महिना शेकडा पाच सरळ व्याजाने रक्कम दुप्पट व्हायला वीस महिने लागतात. चक्रवाढीने पंधराव्या महिन्यातच ती दुपटीपलीकडे जाते. आज महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे. पण कायद्याच्या दारात जाण्यापूर्वी आपला हिशेब आपल्याला मांडता आला पाहिजे.

म्हणून अंगठा उठविण्यापूर्वी दोन आकडे मागा, एकाला दुसऱ्याने भागा, आणि पायऱ्या नव्हे, अंतरे मोजा.